अॅक्सिलरेटर केबल : चार मिलिमीटरचा हिशेब

‘गाडीला पिकअप राहिला नाही, जरा बघा,’ ही गॅरेजच्या दारात नेहमी ऐकू येणारी तक्रार. काही वर्षांपूर्वी मीही याच तक्रारीने माझी स्कूटर एका गॅरेजमध्ये नेली होती. कारागिराने मूठ एकदा पिळून पाहिली, हॅण्डलजवळचे रबरी टोपण मागे सारले, पाना फिरवला आणि ‘आता चालवून बघा’ म्हणत गाडी परत दिली. पाच मिनिटांचे काम. गाडी खरोखरच बदलल्यासारखी वाटली. मूठ हलवायचा अवकाश, स्कूटर पुढे झेपावू लागली.

हे सुख तीन दिवस टिकले. चौथ्या दिवशी सकाळी सोसायटीच्या वाहनतळात गाडी वळवण्यासाठी हॅण्डल पुरते एका बाजूला फिरवले. मूठ पिळलेली नसतानाही इंजिनाचा आवाज चढला, स्कूटर आपोआप पुढे निघाली आणि ब्रेक लागेपर्यंत समोरच्या भिंतीवर आदळली. दोन पावलांवर वॉचमनची लहान मुलगी नळावर बादली भरत उभी होती. नुकसान पुढच्या मडगार्डापुरतेच झाले. पण त्या मुलीचा दचकलेला चेहरा आजही आठवतो. नंतर उलगडा झाला तो असा : कारागिराने इंजिनाला काहीही केले नव्हते. त्याने फक्त अॅक्सिलरेटरची केबल ताणली होती, तीही गरजेपेक्षा अधिक.

वाहनाची निगा म्हटले की आपल्याला ऑइल, प्लग, एअर फिल्टर, टायरमधली हवा आठवते. अॅक्सिलरेटरच्या केबलकडे ती तुटेपर्यंत सहसा कोणी पाहत नाही. वास्तविक गाडीचा प्रतिसाद, मायलेज आणि सुरक्षितता या तिन्हींशी या तारेचा जवळचा संबंध आहे. तिची जुळवणी घरच्या घरीही करता येते. मात्र ती करण्यापूर्वी ही केबल काय करते आणि काय करू शकत नाही, हे समजून घेणे आवश्यक आहे.

हात आणि इंजिन यांच्यातील दुवा

मोटरसायकल वा स्कूटरची उजवी मूठ पिळली की तिच्या आतील चकती केबल ओढते आणि केबलचे दुसरे टोक इंजिनाजवळील थ्रॉटलची झडप उघडते. ही केबल ‘बाउडन’ प्रकारची असते. अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडन यांनी १८९६ मध्ये इंग्लंडमध्ये तिचे पेटंट घेतले. सायकलच्या ब्रेकपासून मोटरसायकलच्या क्लचपर्यंत सर्वत्र आढळणारी ही रचना सव्वाशे वर्षांत मूलतः बदललेली नाही.

तिचे दोन भाग असतात. आत पोलादाच्या बारीक तारांचा पीळ आणि बाहेर पोलादी पट्टीच्या वेटोळ्यांचे आवरण. आवरणावर प्लॅस्टिकचा थर असतो आणि पुष्कळदा आतून घर्षण कमी करणारे अस्तरही असते. आवरणाची दोन्ही टोके पक्की टेकवलेली असतात. ते वाकते, पण आखूड होत नाही. त्यामुळे केबल कितीही वळणे घेत गेली, तरी एका टोकाला तार जेवढी ओढली जाईल, जवळजवळ तेवढीच ती दुसऱ्या टोकाला सरकते.

जुळवणीचे सारे रहस्य यातच आहे. आतील तारेची लांबी आपण बदलू शकत नाही. पण आवरणाचे टोक जेथे टेकते तेथे आटे असलेला एक पोकळ बोल्ट बसवलेला असतो. यालाच अॅडजस्टर म्हणतात. तो बाहेर काढला की आवरणाचा मार्ग लांबतो आणि आतील तारेचा सैलपणा कमी होतो. तो आत घातला की सैलपणा वाढतो. बोल्ट आपोआप फिरू नये म्हणून त्याच्या बुडाशी लॉकनट आवळलेला असतो.

पेट्रोल नव्हे, हवा

मूठ पिळली की इंजिनात जास्त पेट्रोल जाते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. पेट्रोल इंजिनात थ्रॉटलची झडप नियंत्रित करते ती हवा. झडप जेवढी उघडी, तेवढी हवा आत जाते. आणि त्या हवेच्या प्रमाणात पेट्रोल मिसळण्याचे काम जुन्या गाड्यांत कार्ब्युरेटर, तर नव्या गाड्यांत संगणकाच्या नियंत्रणाखालील इंजेक्टर करतो. पूर्ण ज्वलनासाठी वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते. डिझेल इंजिनाची गोष्ट वेगळी. जुन्या डिझेल गाड्यांत पेडलची केबल थेट इंधन पंपाच्या दांडीला जोडलेली असे आणि ती हवेऐवजी इंधनाचेच प्रमाण ठरवत असे.

यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. केबल ताणल्याने इंजिनाची ताकद वाढत नाही. झडप पूर्ण उघडल्यावर जेवढी हवा आत जाऊ शकते, ती इंजिनाच्या रचनेनेच ठरलेली असते. केबलमध्ये दोष असेल तर झडप त्या मर्यादेपर्यंत पोहोचत नाही किंवा उशिरा पोहोचते. योग्य जुळवणीने हरवलेले तेवढे परत मिळते, त्याहून कणभरही अधिक नाही.

सैल केबल, ताठ केबल

नवी केबल बसवल्यानंतर सुरुवातीचे काही आठवडे ती ‘बसते’, म्हणजे आवरणाची वेटोळी व टोके आपापल्या जागी दबतात आणि तारेत सैलपणा येतो. पुढे झीज होऊन तो हळूहळू वाढतो. मग मूठ पिळायला सुरुवात केली तरी पहिले काही मिलिमीटर काहीच घडत नाही. सिग्नल सुटल्यावर गाडी क्षणभर थबकते आणि मग एकदम उसळते. गर्दीत हळू चालवताना झटके बसतात. सैलपणा फारच वाढला, तर मूठ शेवटपर्यंत पिळूनही झडप पूर्ण उघडत नाही. १०० सीसी वर्गातील जुन्या मोटरसायकलीच्या कार्ब्युरेटरमध्ये झडप वर सरकण्याचे अंतर जेमतेम दोन सेंटीमीटरच्या आसपास असते. मूठ अडसरापाशी थांबेपर्यंत त्यातले चार मिलिमीटर वाया गेले, तर झडपेचा सुमारे पाचवा हिस्सा वापरलाच जात नाही. चढावर किंवा ओव्हरटेक करताना ही उणीव जाणवते.

ताठ केबलचे दुखणे याच्या उलट आणि अधिक धोकादायक असते. सैलपणा मुळीच उरला नाही, तर मूठ सोडल्यावरही झडप किंचित उघडी राहते. इंजिन उभ्या गाडीतही जास्त फेरे घेते, पेट्रोल वाया जाते, गिअर टाकताना खटका बसतो आणि गिअर नसलेल्या स्कूटरचा क्लच अर्धवट पकडून गाडी सरपटू पाहते. हॅण्डल वळवले की केबलचा मार्ग किंचित बदलतो, तार ओढली जाते आणि झडप आपोआप उघडते. माझ्या स्कूटरच्या बाबतीत नेमके हेच घडले होते.

स्कूटरमध्ये आणखी एक बाब लक्षात घ्यावी लागते. बहुतेक गिअरलेस स्कूटरचे इंजिन मागच्या चाकाबरोबर वर-खाली हलते. मागे माणूस बसला, खड्डा आला की इंजिनाची जागा बदलते आणि केबलला ते अंतर सामावून घ्यावे लागते. म्हणूनच केबलमध्ये थोडी मोकळी चाल मुद्दाम ठेवलेली असते. तो दोष नव्हे, ती सुरक्षिततेची फट आहे. बहुतेक मोटरसायकली व स्कूटरसाठी मुठीच्या कडेपाशी ही मोकळी चाल २ ते ६ मिलिमीटर असावी, असे मार्गदर्शन असते. आपल्या गाडीचा नेमका आकडा गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत पाहावा आणि तोच प्रमाण मानावा.

आधी तपासणी

पाना हाती घेण्यापूर्वी दहा मिनिटे तपासणीला द्यावीत. गाडी सपाट जागी मधल्या स्टॅण्डवर लावावी आणि इंजिन बंद ठेवावे.

पहिली चाचणी मोकळ्या चालीची. मुठीच्या आतल्या बाजूच्या गोल कडेवर आणि शेजारच्या स्थिर भागावर पेनाने समोरासमोर एकेक खूण करावी. मूठ हळूच पिळावी आणि तार ताणली गेल्याचा पहिला अडथळा जाणवताच थांबावे. दोन खुणांमधील अंतर मोजपट्टीने मोजावे. तीच मोकळी चाल.

दुसरी चाचणी परतीची. मूठ पूर्ण पिळून एकदम सोडावी. ती ‘खट्’ असा आवाज करत स्वतःहून मूळ जागी आली पाहिजे. हॅण्डल सरळ असताना, पुरते डावीकडे असताना आणि पुरते उजवीकडे असताना, अशा तीनही स्थितींत हे करून पाहावे. मूठ रेंगाळत असेल, मध्येच अडत असेल, तर तो जुळवणीचा प्रश्न नाही. केबल गंजली आहे, कुठेतरी दबली आहे किंवा आतल्या तारा तुटू लागल्या आहेत, असे समजावे. कधी दोष केबलचा नसून मुठीच्या रबराचा असतो. नव्याने चढवलेले रबर जास्त आत सरकून शेजारच्या भागावर घासते आणि मूठ धरून ठेवते.

तिसरी चाचणी केबलच्या मार्गाची. हॅण्डलपासून इंजिनापर्यंत केबल नजरेने तपासावी. तीव्र वळण, चेपलेले आवरण, सिलिंडर वा सायलेन्सरच्या उष्णतेने वितळलेले प्लॅस्टिक, नव्याने बसवलेल्या मोबाइल होल्डरखाली वा जादा दिव्याच्या वायरींच्या जुडग्यात अडकलेली केबल, या सर्व गोष्टी नेहमी आढळतात. आतली तार बहुधा मुठीपाशी, जेथे ती चकतीवर वळते, तेथेच तुटू लागते. तेथे एक जरी तार उसवलेली दिसली तरी केबल बदलावी. तुटलेली तार आवरणाच्या तोंडाशी अडकून मूठ उघडीच राहू शकते. नव्या केबलची किंमत बहुतेक साध्या गाड्यांसाठी एका टाकीच्या पेट्रोलहून कमी असते. तेथे काटकसर करू नये.

चौथी चाचणी इंजिन सुरू करून करायची. ती उघड्यावर करावी. बंद गॅरेजमध्ये कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि त्याला वासही नसतो. मोटरसायकल न्यूट्रलमध्ये असावी, स्कूटरचे मागचे चाक जमिनीपासून अधांतरी असावे. इंजिन तापल्यावर मुठीला हात न लावता हॅण्डल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवावे. इंजिनाचा आवाज अजिबात बदलता कामा नये. बदलला, तर केबल ताठ आहे किंवा तिचा मार्ग चुकला आहे. या स्थितीत गाडी रस्त्यावर नेऊ नये.

जुळवणी कशी करावी?

कार्ब्युरेटर असलेल्या गाडीत आधी आयडलिंग आणि मग केबल, हा क्रम पाळावा. आयडलिंगचा स्क्रू कार्ब्युरेटरवर असतो. मूठ पूर्ण सोडलेली असताना झडप किती उघडी राहावी, हे तो ठरवतो. तो फिरवला की झडपेची विश्रांतीची जागा बदलते आणि तिच्याबरोबर केबलचा सैलपणाही बदलतो. म्हणून इंजिन चांगले तापल्यावर पुस्तिकेत दिल्याप्रमाणे आयडलिंग लावून घ्यावे. लहान मोटरसायकलींत ते साधारण मिनिटाला १,४०० फेऱ्यांच्या आसपास असते. बंद पडणाऱ्या इंजिनाचे आयडलिंग केबल ताणून वाढवणे, ही गॅरेजमध्ये सर्रास आढळणारी चूक आहे. दिसायला दोन्हींचा परिणाम सारखाच. पण पहिल्यात हॅण्डल वळवले तरी काही बिघडत नाही, दुसऱ्यात माझ्यासारखी भिंत गाठावी लागते.

आता इंजिन बंद करून मुठीजवळचे रबरी टोपण मागे सारावे. लॉकनट योग्य मापाच्या पान्याने सैल करावा. येथे पक्कड वापरू नये, नटाचे कोपरे झिजतात. मोकळी चाल जास्त असेल तर अॅडजस्टर बाहेरच्या दिशेने, कमी असेल तर आतल्या दिशेने फिरवावा. एका वेळी अर्धाच फेरा द्यावा आणि दर वेळी खुणांमधील अंतर मोजावे. अपेक्षित आकडा आला की अॅडजस्टर एका हाताने धरून लॉकनट आवळावा, कारण नट आवळताना अॅडजस्टरही फिरण्याची शक्यता असते. मग टोपण जागेवर बसवावे. ते शोभेसाठी नसते, पावसाचे पाणी अडवण्यासाठी असते.

पुष्कळ गाड्यांत असाच दुसरा अॅडजस्टर इंजिनाकडच्या टोकाला असतो. ढोबळ जुळवणी तेथे आणि बारीक जुळवणी मुठीजवळ, असा संकेत आहे. मुठीजवळचा अॅडजस्टर बाहेर येत येत शेवटच्या दोन-तीन आट्यांवर लटकू लागला, तर त्याला आणखी ओढू नये. तो पुरता आत घालून खालच्या टोकाला जुळवणी करावी आणि तेथेही भागत नसेल तर केबलचे आयुष्य संपले असे समजावे. मोठ्या मोटरसायकलींत झडप उघडण्यासाठी एक आणि ती सक्तीने बंद करण्यासाठी दुसरी, अशा दोन केबल असतात. त्यांच्या जुळवणीचा क्रम पुस्तिकेत दिलेला असतो. तो माहीत नसेल तर हे काम जाणकारावर सोपवावे.

जुळवणी झाल्यावर वरील चारही चाचण्या पुन्हा कराव्यात. शिवाय शक्य असल्यास इंजिन बंद ठेवून एअर फिल्टरकडील नळी काढावी आणि मूठ पूर्ण पिळल्यावर झडप खरोखर पूर्ण उघडते का, हे डोळ्यांनी पाहावे. पहिली फेरी रहदारीत नको. मोकळ्या रस्त्यावर घ्यावी.

इंजेक्शनच्या गाड्यांत काय बदलले?

१ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज-६ ही प्रदूषणाची मानके लागू झाली आणि बहुतेक नव्या दुचाकींतून पारंपरिक कार्ब्युरेटर हद्दपार झाला. त्याची जागा इंधन इंजेक्शनने घेतली. केबल मात्र बहुसंख्य गाड्यांत कायम राहिली. ती आता थ्रॉटल बॉडीतील झडप उघडते आणि झडपेच्या दांड्यावर बसवलेला सेन्सर ती किती उघडली याची वर्दी संगणकाला देतो. पेट्रोल किती सोडायचे, हे संगणक त्या व इतर सेन्सरच्या आधारे ठरवतो.

या गाड्यांत मोकळ्या चालीची तपासणी व मुठीजवळची जुळवणी पूर्वीसारखीच करावी. परंतु थ्रॉटल बॉडीवरील रंग लावून बंद केलेल्या स्क्रूला हात लावू नये. तो जुन्या अर्थाने आयडलिंगचा स्क्रू नव्हे. झडपेची मूळ जागा त्याने कारखान्यातच निश्चित केलेली असते. आयडलिंग सांभाळण्याचे काम संगणकाचे आहे.

ताठ केबलचा तोटा येथे वेगळ्या रीतीने समोर येतो. अनेक इंजेक्शन गाड्यांत चालत्या गाडीची मूठ पूर्ण सोडली की संगणक इंजेक्टर काही काळ बंद ठेवतो. घाट उतरताना वा सिग्नलकडे येताना अशी बचत होत राहते. केबलने झडप किंचित उघडी धरून ठेवली, तर मूठ सोडल्याची वर्दीच संगणकाला मिळत नाही. बचत थांबते, आयडलिंग वर-खाली होते आणि वाहनचालक मात्र सेन्सर बिघडला म्हणून खर्चाच्या तयारीत असतो. अशा वेळी सर्वप्रथम मोकळी चाल मोजावी. त्यासाठी मोजपट्टीखेरीज काहीही लागत नाही.

काही गाड्यांत आता केबलही उरलेली नाही. २०१७ च्या केटीएम ३९० ड्यूकमध्ये मुठीची हालचाल सेन्सर टिपतो आणि झडप विजेच्या मोटरने उघडते. १९७२ मध्ये आलेल्या बजाज चेतकवर केबलची जुळवणी करण्यात ज्यांची रविवारची सकाळ गेली, त्यांच्यासमोर २०२० मध्ये त्याच नावाची विजेवरची स्कूटर आली. तिला ना कार्ब्युरेटर, ना थ्रॉटलची केबल. अशा गाड्यांत ही जुळवणी करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

चारचाकीचे काय?

मारुती ८०० किंवा ओम्नीसारख्या जुन्या मोटारींत पेडलपासून इंजिनापर्यंत केबलच असते आणि तत्त्वही तेच. एकाने पेडल पूर्ण दाबावे, दुसऱ्याने बॉनेट उघडून झडपेची दांडी शेवटच्या अडसरापर्यंत पोहोचते का, ते पाहावे. या वेळी इंजिन बंद असावे. पेडल सोडल्यावर दांडी बंद स्थितीच्या अडसराला टेकली पाहिजे आणि केबलला बोटाने दाबल्यावर किंचित झोळ जाणवला पाहिजे. तपासणीची सुरुवात मात्र पायाखालून करावी. जाड किंवा सुटी मॅट पेडलखाली आली तर ते पूर्ण दाबले जात नाही आणि पेडलवर चढली तर ते परत येत नाही. पहिल्यात पिकअप जातो, दुसऱ्यात नियंत्रण. अलीकडच्या बहुतेक मोटारींत केबल नाही, पण मॅटबाबतची ही सूचना त्यांनाही तितकीच लागू आहे.

पावसाळा आणि गंज

आपल्याकडे केबलचा सर्वात मोठा शत्रू पाऊस. हॅण्डलजवळच्या टोकातून पाणी आत शिरते, उतारावरून खाली जाते आणि सखल वळणात साचून राहते. मुंबईत व कोकणात खाऱ्या हवेची त्यात भर पडते. पावसाळाभर उघड्यावर उभी राहिलेली गाडी सप्टेंबरात जड मुठीने चालत असेल, तर कारण बहुधा हेच. त्यामुळे वर्षातून दोनदा, म्हणजे मृग लागण्यापूर्वी आणि पाऊस सरल्यावर, केबलची तपासणी करणे हितावह.

केबलला तेल द्यायचे तर वरचे टोक सोडवून केबल उभी धरावी, तोंडाशी प्लॅस्टिकच्या पिशवीचा कोपरा कापून फनेलासारखा बांधावा आणि पातळ तेलाचे थेंब सोडत खालच्या टोकातून तेल बाहेर येईपर्यंत थांबावे. जाड ग्रीस आत घालू नये. ते धूळ धरते आणि परतीची गती मंदावते. आतून अस्तर असलेल्या काही केबलना तेल देऊ नये, अशी सूचना असते. ती असेल तर पाळावी.

मूठ अडकलीच तर

इतकी काळजी घेऊनही चालत्या गाडीत अॅक्सिलरेटर अडकला, तर विचाराला वेळ नसतो. म्हणून काय करायचे ते आधीच ठरलेले असावे. मोटरसायकलवर क्लच दाबावा आणि लाल रंगाच्या स्विचने इंजिन बंद करावे. स्कूटरला क्लचची दांडी नसते. दोन्ही ब्रेक लावत स्विचने किंवा चावीने इंजिन बंद करावे. मोटारीत ब्रेक घट्ट दाबून ठेवावा, तो पुन्हा पुन्हा सोडून दाबू नये आणि गाडी न्यूट्रलमध्ये घ्यावी. इंजिन ओरडले तरी हरकत नाही. गाडी कडेला थांबल्यावरच चावी बंद करावी, कारण धावत्या मोटारीचे इंजिन बंद केल्यास ब्रेक व स्टिअरिंगला मिळणारे साहाय्य कमी होते. घरातल्या नव्याने गाडी शिकणाऱ्या मुलामुलींना हे आवर्जून शिकवावे.

दोष खरा कोठे?

अखेरीस पुन्हा त्या पहिल्या तक्रारीकडे. पिकअप कमी होण्याचे कारण दर वेळी केबल नसते. तुंबलेला एअर फिल्टर, जुना प्लग, घसरणारा क्लच, घासणारा ब्रेक, टायरमधली कमी हवा, स्कूटरमधला झिजलेला पट्टा, यांपैकी काहीही असू शकते. ओळखण्याची साधी खूण अशी : मूठ पिळल्यापासून इंजिनाचा आवाज बदलेपर्यंत अंतर पडत असेल, तर संशय केबलवर घ्यावा. आवाज लगेच चढतो पण गाडी वेग घेत नाही, अशी स्थिती असेल तर दोष पुढे, क्लच, पट्टा किंवा चाकांकडे आहे. अशा वेळी केबल ताणणे म्हणजे तापाचे कारण न शोधता थर्मामीटरचा पारा झटकण्यासारखे आहे.

त्या सकाळनंतर मी स्कूटर पुन्हा गॅरेजमध्ये नेली. दुसऱ्या कारागिराने केबलला तिची मोकळी चाल परत दिली, एअर फिल्टर काढून उन्हात धरला आणि त्यातून पलीकडचे काहीच दिसत नाही, हे मला दाखवले. फिल्टर बदलल्यावर पिकअप परत आला. मुठीचा तो किंचित सैलपणा मात्र आता खटकत नाही. हॅण्डल कुठेही वळवले तरी गाडी माझ्या हुकमाशिवाय हलणार नाही, याची ती खात्री आहे. गाडी गॅरेजमधून परत घेताना प्रत्येकाने मुठीची ती चाल स्वतः एकदा तपासून पाहावी. अर्धे मिनिटही लागत नाही.